आईच्या ट्रंकेतील साड्या आवरताना

न्यू जर्सीहून एका वाचक भगिनीने लिहिले आहे: आईच्या वर्षश्राद्धासाठी बेळगावातील शहापूरच्या घरी येणार आहे. माळ्यावर ट्रंका भरून तिची लुगडी, साड्या, बाबांचे कोट आणि आम्हां भावंडांची झबली-टोपडी आहेत. जरीच्या साड्या विकाव्यात आणि उरलेले देऊन टाकावे, असे भावाचे मत आहे. रजा थोडी आणि बॅगेत जागा त्याहून थोडी. काय ठेवावे?

ताई, काय ठेवावे हे नंतर ठरवता येईल. कोणती साडी कोणाची आणि केव्हाची, हे आधी विचारून घ्या, कारण ते सांगू शकणारी माणसे आता थकत चालली आहेत. ट्रंक उघडायच्या दिवशी आत्याला आणि मावशीला तर बोलवाच, पण शेजारच्या काकूंनाही बोलवा, मग त्या घरी कन्नड बोलणाऱ्या का असेनात. आईच्या साड्या घरातल्या पुरुषांपेक्षा शेजारणीला अधिक पाठ असतात, कारण हळदीकुंकवाला नेसलेली साडी हात लावून पाहणारी तीच असते. त्यांचे बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करा, प्रत्येक साडीच्या काठाचे व पदराचे छायाचित्र घ्या आणि सुती चिंधीवर दोन शब्द लिहून ती सैल टाक्याने आतल्या टोकाला जोडा. टाचणी मात्र लावू नका, कारण तिचा गंज कापडात उतरतो.

आपल्या भागातील ट्रंकेत इरकल हमखास निघते. बागलकोट जिल्ह्यातील इलकल येथे विणल्या जाणाऱ्या या साडीचे अंग पुष्कळदा सुती आणि पदर रेशमी असतो, आणि दोहोंचे ताणे वेगळे लावून ते टोप-तेनी पद्धतीने एकमेकांत अडकवलेले असतात. त्यामुळे रोजच्या वापरातल्या इरकलीचे अंग विरून गेले तरी तांबडा पदर धड राहिलेला दिसू शकतो. अशी साडी फाटकी म्हणून बाजूला टाकू नका. पदर सोडवून, त्याला सुती अस्तर लावून ठेवता येतो, आणि विरलेल्या अंगाचे दुपटे करावे, कारण बाळाच्या अंगाला तितके मऊ कापड विकत मिळत नाही. धड असलेल्या साडीला मात्र कात्री लावण्याची घाई करू नये. उशांचे अभ्रे कोणत्याही कापडाचे होतात. त्याच जिल्ह्यातील गुळेदगुड्ड गावचा न शिवलेला खण सापडला तर तो आधी बॅगेत घाला. त्याचे वजन नगण्य असते आणि मुलीला चोळी किंवा परकर-पोलक्यातले पोलके शिवता येते.

आता जरीविषयी. जुनी अस्सल जरी म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार असल्याने ती हवेने काळवंडते, आणि नेमकी हीच काळी पडलेली साडी घरचे लोक खराब समजून काढायला निघतात. जरी घेणारा व्यापारी धातूचा भाव देतो. रेशीम, वीण आणि आईचे लग्न यांची किंमत त्याच्या तराजूत धरलेली नसते. भाऊ विकण्यावर ठाम असेल तर निदान आधी शहापूर, वडगाव किंवा खासबागेतील एखाद्या जुन्या विणकराला साडी दाखवा. ती हातमागाची की यंत्रमागाची, हे तो काठ उलटून पाहूनच सांगेल. पूर्वी बोहारीण दारात बसून जरीच्या लुगड्यावर एक पातेले देऊन जात असे, आणि त्या व्यवहारात घर नेहमी खुश व्हायचे, हेही भावाला सांगायला हरकत नाही.

जे मागे राहणार आहे ते पुन्हा तसेच ट्रंकेत कोंबू नका. बेळगाव-खानापूरच्या पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडून बुरशी धरते आणि लोखंडी ट्रंकेचे डाग पडतात. साड्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळून लाकडी कपाटात ठेवाव्यात, डांबराच्या गोळ्या जरीला थेट लागू देऊ नयेत, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास वहिनींनी घड्या मोडून नव्या जागी घालाव्यात, कारण जुने रेशीम घडीवरच चिरते. हे काम वहिनींच्या अंगावर पडणार असेल तर पहिली साडी निवडण्याचा मान त्यांना द्या. माहेरवाशीण परदेशातून येऊन उत्तम तेवढे उचलून नेते, ही भावना पुष्कळ घरांत न बोलता मुरत राहते.

उरलेल्या सुती साड्यांच्या वाकळी शिवून घ्या. वाकळ शिवणाऱ्या बायका खेड्यांत अजून आहेत. मजुरी आधी बोलून घ्या आणि वरच्या थराला आईची रोजची साडी लावायला सांगा. बाबांचे कोट गरजूला द्यायला हरकत नाही; त्याआधी खिसे तपासा. झबल्या-टोपड्यांतील प्रत्येक भावंडाचे एकेक ठेवा, बाकीची कुटुंबातील पुढच्या बाळंतविड्यासाठी द्या, आणि कोणते कोणाकडे गेले याची यादी भावाच्या हस्ताक्षरात लिहून घ्या, म्हणजे पुढच्या खेपेला त्यावरून बोलाचाली होणार नाही.