मीटरवर माग चालवणाऱ्याकडे एकही कागद नसेल, तर पगाराचा हक्क कसा सिद्ध करायचा?

तुमचा प्रश्न असा आहे: धाकटा भाऊ इचलकरंजीत चार वर्षं यंत्रमाग चालवतो, मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर मिळते, नेमणूकपत्र नाही, पगारचिठ्ठी नाही, मीटर कमी धरले जातात असा त्याला संशय आहे. हिशेब मागितला की मालक म्हणतात, "तू मीटरवर काम करतोस, तू कुठला आमचा कामगार?" अशात काय करता येईल?

मालकांचं हे म्हणणं कायद्यात टिकत नाही. मजुरी मीटरवर असो की दिवसावर, किमान वेतन दोघांनाही लागू आहे. कागद नाही म्हणून नोकरी नाही, असंही नसतं. पण चार वर्षं काम केलं हे दाखवावं लागेल आणि त्याची तयारी आजपासूनच करायला हवी.

सगळ्यात आधी एक वही घ्या. रोज तारीख, पाळी, माग नंबर, कापडाचं पिक (इंचाला किती आडवे धागे) आणि उतरलेले मीटर लिहायचे. माग बंद राहिला तर किती वेळ आणि का, तेही लिहायचं: वीज गेली, जॉबर (माग दुरुस्त करणारा) आला नाही, बीम (उभ्या धाग्यांचा रूळ) संपला, सुताला कांजी नीट न बसल्याने सूत तुटत राहिलं. मीटरवर काम करणाऱ्याचं खरं नुकसान या बंद वेळेत होतं आणि त्याची नोंद कुणीच ठेवत नाही.

मीटर बरोबर धरलेत का, हे ताडून बघता येतं. माग मिनिटाला १३० पिक, म्हणजे आडवे धागे, मारत असेल तर तासाला ७,८०० पिक होतात. ५२ पिकाचं कापड असेल तर ७,८०० ला ५२ ने भागा, १५० इंच येतात, म्हणजे साधारण ३.८ मीटर. १२ तासांच्या पाळीत हे ४५ मीटरच्या वर जातं. सूत तुटणं, आडव्या सुताची कांडी बदलणं यासाठी पाचवा हिस्सा सोडला तरी एका मागावर ३६ मीटरच्या आसपास यायला हवेत. भाऊ सहा माग बघत असेल तर २१५ मीटरच्या जवळपास. घडी घालताना मोजल्यावर थोडा फरक पडणारच, कारण मागावर कापड ताणलेलं असतं आणि खाली उतरल्यावर ते जरा आखडतं. त्या एक-दोन टक्क्यांवरून भांडू नका. पण दर आठवड्याला ताग्यामागे (कापडाच्या एका लांब तुकड्यामागे) पाच-सहा मीटर गायब होत असतील, तर ते आखडणं नव्हे.

वहीच्या जोडीला बाहेरचा पुरावा लागतो. दिवाणजी (मालकाचा हिशेबनीस) देतो त्या कच्च्या चिठ्ठीचा त्याच दिवशी फोटो काढा. पगार आणि उचल शक्यतो बँकेत किंवा यूपीआयवर घ्या. रोखीत घेतली तर "आज इतके मिळाले" असा साधा व्हॉट्सअॅप मेसेज दिवाणजीला टाका. बोनसच्या वेळी "पूर्ण हिशेब मिळाला" अशा छापील व्हाउचरवर सही घेतात, तिथे फार जपा. कोऱ्या कागदावर सही नकोच. सही करावीच लागली तर शेजारी स्वतःच्या अक्षरात तारीख आणि रक्कम अक्षरी लिहा. नाहीतर दरवर्षी नोकरी नव्याने सुरू झाल्याचं कागदोपत्री दाखवता येतं.

पुढचा प्रश्न माणसं मोजण्याचा. ईएसआय (कामगार राज्य विमा) १० कामगारांपासून लागू होतं, पीएफ २० पासून. एकाच शेडमधले माग बायको, भाऊ, मुलगा यांच्या नावावर वाटून प्रत्येकाकडे सहा-सात कामगार दाखवायचे, ही इथली जुनी वहिवाट. पण दार एक, जॉबर एक, पगार वाटणारा दिवाणजी एक, सूत-कापडाचा व्यवहार एक असेल, तर वेगळी नावं असूनही ते एकच आस्थापन धरलं जाऊ शकतं. म्हणून दोन्ही पाळ्यांचे कामगार, कांडीवाला, घडीवाला, वहिफणी करणारे (मागावर चढवण्याआधी उभे धागे ओवणारे), सगळ्यांची यादी करा. कंत्राटदारामार्फत आलेलेही त्यात धरा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे. थकलेल्या किंवा कमी दिलेल्या वेतनाचा दावा आता तीन वर्षांपर्यंत करता येतो. किमान वेतनाच्या दाव्याला पूर्वी सहाच महिने मिळायचे. पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. उचल वळती करता येते, पण सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. अर्ज सहायक कामगार आयुक्त कार्यालयात दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का-तारीख घ्या. एकट्याने जाऊ नका असं मी आग्रहाने सांगेन. एकट्याला दुसऱ्या दिवशी "काम नाही" म्हणणं सोपं असतं, शेडमधल्या आठ जणांना तसं सांगता येत नाही. तालुक्यात कामगार युनियन आहेत, आधी त्यांच्याशी बोला.

आणखी एक: शेडमध्ये दहा माणसं असतील तर पाच वर्षं पूर्ण झाल्यावर ग्रॅच्युइटी लागू होते. मीटरवाल्याचा एका दिवसाचा पगार शेवटच्या तीन महिन्यांच्या सरासरीने काढतात. तो ५०० रुपये निघाला तर १५ दिवस गुणिले ५०० गुणिले ५ वर्षं, म्हणजे ३७,५०० रुपये. भावाची चार वर्षं झाली आहेत, रागाच्या भरात आत्ता काम सोडू देऊ नका.

आणि कधी धोटा (आडवं सूत घेऊन मागावर ये-जा करणारा तुकडा) उडून डोळ्याला लागला किंवा हात सापडला, तर दवाखान्यात केस पेपरवर "कामावर असताना, मागावर" असंच लिहून घ्या. बरोबर आलेला माणूस हळूच "घरी पडला म्हणून सांग, खर्च आम्ही करतो" म्हणतो. खर्च पहिल्या दोन बिलांपुरता होतो, आणि नंतर भरपाई मागायला गेल्यावर तोच केस पेपर आडवा येतो.