मास्टेक्टमीनंतर लोकांच्या नजरा आणि प्रश्न

मास्टेक्टमी, म्हणजे स्तन काढण्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून भेटायला येणाऱ्यांची नजर आधी छातीवर जाते आणि मग ते घाईघाईने भिंतीकडे बघतात, असं तुम्ही लिहिलंय. अगदी हेच मी सोसलंय, म्हणून उत्तर देतेय. टाके, ड्रेसिंग, औषधं याबद्दल तुम्हाला सांगितलेलंच असेल, त्यात मी पडत नाही. मी डॉक्टरही नाही.

मला सगळ्यात जास्त मनस्ताप पाहुण्यांनी नाही, माझ्या कामाच्या ठिकाणच्या एचआरने दिला. रजेच्या दाखल्यावर निदान, कुठली बाजू, सगळंच लिहिलेलं होतं. त्यांनी तो दाखला जोडून सगळ्या टीमला मेल पाठवला, "सांभाळून घ्या" म्हणून! मी रुजू झाले तर लिफ्टमध्ये एक बाई, जिच्याशी मी कधी चार शब्द बोललेले नव्हते, ती छातीकडे बघत म्हणाली, "अजिबात कळत नाही हो!" तक्रार केली तर उत्तर आलं की हेतू चांगला होता. असेलही. पण कुणाला सांगायचं, किती सांगायचं, हे ठरवणं माझ्या हातात होतं आणि ते मला न विचारता काढून घेतलं गेलं. याचा राग मला अजून आहे.

म्हणून आधी हे करा. दाखल्यावर "शस्त्रक्रिया झाली आहे, अमुक तारखेपर्यंत विश्रांती आवश्यक" एवढंच चालेल का, ते विचारा. विम्यासाठी निदान द्यावंच लागतं, पण ते कागद विम्याकडेच जाऊ द्या. नियम सगळीकडे सारखे नसतात, तेव्हा खात्री करून घ्या.

लोकांसाठी एक वाक्य तोंडपाठ ठेवा. माझं होतं, "ऑपरेशन नीट झालं, आता आराम चाललाय, तुमचं काय चाललंय?" बहुतेक जण तेवढ्यावर थांबतात. "सुटलीस एकदाची" म्हणणाऱ्यांना समजावत बसू नका. काढलेल्या गाठीचा आणि काखेतल्या ग्रंथींचा रिपोर्ट आल्यावरच पुढे केमो, रेडिएशन काय ते ठरतं, आणि ते त्यांना सांगायची तुमच्यावर सक्ती नाही. "आता नवीन बसवणार का?" या प्रश्नाला मी सरळ "ते माझं मी बघेन" म्हणायचे. उद्धट वाटलं तरी चालेल. सपाट छातीने राहायचं ठरवलंत तर तोही पूर्ण निर्णय आहे, कुणाला पटवून द्यायची गरज नाही.

मिठी मारायला कुणी पुढे आलं तर चांगल्या बाजूचा हात पुढे करा. वरून बधिर आणि आतून सुया टोचल्यासारखं, अशा जागेवर दाब नको वाटतो, हे समोरच्याला ठाऊक नसतं.

बाहेर जायचं असेल तर सुरुवातीला ब्रामध्ये कापसाचा हलका पॅड बरा. सिलिकॉनचा जड असतो, जखम पूर्ण भरल्यावर डॉक्टरांना विचारूनच वापरा. गाडीत सीटबेल्टखाली छोटी उशी ठेवा. आणि जागा लाल झाली, ताप आला किंवा हात सुजला तर घरात कितीही माणसं बसलेली असोत, उठून आधी डॉक्टरांना फोन करा. ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) निघेपर्यंत तर घरातल्या एकाला दारावरच उभं करा, "ती झोपलीय" म्हणायला.