बाटली भरलेलीच का परत येते?

‘मुलगा सहावीत आहे. आवाज बारीक, स्वभाव मऊ. वर्गातली चार-पाच मुलं त्याला “बायल्या” म्हणतात, त्याच्या चालण्याची नक्कल करतात. बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, मुलं आहेत, चालायचंच. ह्यांचं म्हणणं, त्यानं जरा घट्ट व्हायला हवं. घरी आला की दप्तर टाकून आधी बाथरूममध्ये पळतो, मग तासभर कुणाशी बोलत नाही. डबा संपवतो, पाण्याची बाटली मात्र भरलेलीच परत आणतो, इतका विसरभोळा! त्याला उलट उत्तर द्यायला कसं शिकवू?’
– एक आई

ताई, उलट उत्तराचं राहू द्या. विसरभोळा मुलगा डबा विसरत नाही आणि पाणी तेवढं रोज विसरतो, असं कधी होतं का? पाणी प्यायलं की जावं लागतं, म्हणून तो पीत नाही. शाळेच्या टॉयलेटमध्ये जायला तो घाबरतो. माझा अंदाज चुकला तर मला आनंदच होईल, पण घरी आल्याआल्या बाथरूमकडे पळतो हे तुम्हीच लिहिलंय.

‘बायल्या’ म्हणणाऱ्यांना याहून सोयीची जागा नाही. बाई तिथं येत नाहीत. ‘तुझं इथं काय काम, पलीकडे मुलींच्यात जा’ म्हणायचं, दार ढकलायचं, वरून डोकवायचं. वर्गात जे कानावर पडतं ते तुम्हाला कळलं. तिथं काय चालतं ते सांगायची त्याला लाज वाटत असणार. आणि दिवसभर लघवी दाबून, पाणी न पिता बसलं की लघवीचा संसर्ग होऊ शकतो, पोटही साफ होईनासं होऊ शकतं. हा भोग तो एकटा काढतोय, आणि घरात चर्चा चाललीय त्यानं घट्ट होण्याची. यजमानांना म्हणावं, अकरा वर्षांचं पोर सहा तास तहान मारून बसतं, अजून किती घट्ट हवंय?

नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी १९८३ ते ८५ या काळात बर्गेनमधल्या सुमारे २,५०० मुलांचा अभ्यास केला. छळ कशाला म्हणायचं, तर जो जाणूनबुजून, पुन्हापुन्हा होतो आणि ज्याच्यावर होतो त्याचं बळ कमी पडतं, असं त्यांनी मांडलं. पाचांपुढे एकाच्या हजरजबाबीपणाचा काय पाड लागणार? मधल्या सुट्टीत जिथं मुलांवर लक्ष ठेवायला जास्त शिक्षक होते तिथं त्रास कमी होता, हेही त्यांना दिसलं. तुमच्या कामाचं आहे ते हे.

आज रात्री ‘तुला कुणी त्रास देतं का’ असं विचारू नका, ‘नाही’ म्हणून मोकळा होईल. दोघं मिळून काहीतरी आवरत असताना, त्याच्याकडे न बघता विचारा, ‘शाळेत शू लागली तर कधी जातोस रे?’ तो गप्प राहिला तर तेच उत्तर समजा. अंगाला हात लावल्याचं किंवा कपडे ओढल्याचं निघालं, तर तेही जसंच्या तसं लिहून घ्या.

मग उद्या सकाळी तुम्ही दोघंही थेट मुख्याध्यापकांकडे जा. यजमानांनाही न्याच, हे एकट्या आईवर सोडायचं काम नाही. ‘मुलं चिडवतात’ हे वाक्य तोंडातून काढू नका, त्यावरचं उत्तर तुम्ही ऐकलेलंच आहे. लेखी अर्ज द्या: मधल्या सुट्टीत मुलांच्या टॉयलेटबाहेर कोण मोठं माणूस उभं राहणार, त्याचं नाव हवं, आणि ती व्यवस्था होईपर्यंत आमच्या मुलाला तास चालू असताना, हात वर न करता, जाऊ द्यावं. पोच घेतल्याशिवाय उठू नका. ‘बघतो’ म्हणाले, तर कधीपर्यंत ते विचारा आणि त्या तारखेला पुन्हा दारात उभ्या राहा.