आधी वही, मग लेबल

ठाणे, रविवार

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

वाशीच्या हॉटेलात पाहुण्यांनी बाटलीच्या तळाशी सोडलेल्या बोर्दोच्या, म्हणजे फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या रेड वाइनच्या, दोन घोटांवरून तू मध्यरात्री एवढा लांबलचक संदेश पाठवलास, की तो वाचल्यावर मला झोप लागली नाही. सगळे ‘वा, काय वाइन आहे!’ म्हणाले, म्हणून तूही म्हणालीस. प्रत्यक्षात तुला ती नुसती तुरट लागली आणि आता तुला वाटते की तुझी जीभ वाइन पारखण्याच्या कामाची नाही.

अगं, तुरट लागली तर वहीत ‘तुरट’ असे लिहायचे! बोर्दोत वापरतात त्या काबेर्ने सोव्हिन्याँ द्राक्षाच्या तरुण वाइनमध्ये टॅनिन, म्हणजे सालीबियांतले तुरट द्रव्य, भरपूर असते. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आखडते, तोच हा प्रकार. चांगल्या बोर्दोत तो मवाळ व्हायला दहा-वीस वर्षेही लागतात. त्यातून रेड वाइन १६ ते १८ अंशांवर प्यायची असते. तुमच्या बारच्या फळीवर ती तीस अंशांत उभी राहत असेल, तर फळाचा वास मागे पडून अल्कोहोल नाकात शिरणारच. तुझी जीभ बरोबर होती. तू लेबल आधी वाचलेस, एवढेच चुकले.

त्या लेबलाचा दरारा कुठून आला, तेही पाहा. बोर्दोची प्रसिद्ध श्रेणीरचना १८५५ सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनासाठी दलालांनी केली आणि तिचा मुख्य आधार होता बाजारातला भाव. म्हणजे महाग म्हणून वरची श्रेणी, आणि वरची श्रेणी म्हणून पुन्हा महाग! त्या रचनेत पुढे जवळजवळ बदलच झाला नाही. १९७३ साली शातो मुताँ रोथशिल्ड या वाइनघराला पहिल्या श्रेणीत घेतले, तो मोठा अपवाद. आणि १९७६ साली पॅरिसमध्येच फ्रेंच परीक्षकांनी लेबले झाकून चव घेतली, तेव्हा मुताँ आणि ओ-ब्रियाँ या बोर्दोच्या पहिल्या श्रेणीतल्या वाइन्सना मागे टाकून कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप पहिली आली. आपल्याकडे तर वर्षानुवर्षे १५० टक्के सीमाशुल्क भरून ही बाटली आली; त्या पैशाची चव पेल्यात कुठून उतरणार?

मात्र त्या रात्री ‘वा’ म्हणणारे खोटे बोलत होते, असेही समजू नकोस. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी एकच वाइन लोकांना एकदा १० डॉलरची आणि एकदा ९० डॉलरची म्हणून पाजली. ९० डॉलरची त्यांना खरोखरच अधिक आवडली, आणि सुखाची जाणीव नोंदवणारा मेंदूचा भागही तेव्हा अधिक चेतवला गेल्याचे दिसले. भाव ऐकला की जीभ आपली राहत नाही, ती अशी. म्हणून आधी वही, मग लेबल.

मला हे कोणी सांगितले नव्हते. खरेदी विभागात असताना एकदा माझ्यासमोर अशीच नावाजलेली बाटली उघडली गेली. बूच गळ्यातून किंचित वर आलेले होते आणि वास शिजवलेल्या मुरंब्याचा होता. उन्हाळाभर पेटी पत्र्याच्या गोदामात पडली असणार. मला ते कळले होते. तरी वरिष्ठांनी ‘वा’ म्हटल्यावर मीही म्हटले, आणि बारा बाटल्यांच्या पावतीवर सही केली. पुढे एका वृद्ध पाहुण्याने पेला नाकाशी नेला, एकही शब्द न बोलता खाली ठेवला आणि दोन बोटांनी हळूच माझ्या दिशेने सरकवला. तो पेला मला अजून दिसतो.

त्यानंतर बाटली झाकल्याशिवाय मी चव घेतली नाही. याला लोकांनी आडमुठेपणा म्हटले, माझ्या दोन बढत्या हुकल्या आणि तुझी काकू ते आजही ऐकवते. ऐकवू दे. मी सही केलेली एकही पेटी त्यानंतर परत गेली नाही, हे मात्र ती सांगत नाही.

पुढच्या रविवारी नौपाड्याला ये. तीन बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून तयार असतील. त्यांतली एक नाशिकची आहे, कोणती ते विचारू नकोस. रंग, वास, आंबटपणा, तुरटपणा आणि घोट गिळल्यावर चव किती वेळ टिकते, हे सगळे तुझ्या शब्दांत लिहायचे, आणि प्रत्येकीला तू स्वतः किती रुपये मोजशील तो आकडाही. कागद मी त्यानंतरच काढीन. वही विसरलीस तर चहा मिळेल.

तुझा,
काका