पाणी न साठवणाऱ्या ‘कोरड्या’ धरणालाही पर्यावरणाच्या नावाने विरोध का होतो?

तुमचा प्रश्न जपानच्या कुमामोतो प्रांतातल्या कावाबे धरणाबद्दल आहे: धरण फक्त पूर अडवणार, एरवी नदी तळातून वाहत राहणार, मग आक्षेप कशाला?

आधी थोडी पार्श्वभूमी. कावाबे ही कुमा नदीची उपनदी, धरण तिच्यावर व्हायचं आहे. योजना 1966 ची. 2008 मध्ये गव्हर्नर काबाशिमा यांनी विरोध केला, 2009 मध्ये केंद्र सरकारने ती सोडली. जुलै 2020 मध्ये कुमा नदीला महापूर आला, खोऱ्यात 50 जण दगावले. त्याच काबाशिमांनी त्याच वर्षी कोरड्या धरणाची मागणी केली. म्हणजे ‘विकास विरुद्ध पर्यावरण’ असा हा सरळ सामना नाही.

पहिला हिशोब पाण्याचा. धरणाचं पाणलोट क्षेत्र सुमारे 470 चौरस किलोमीटर, कुमाचं अख्खं खोरं 1,880. तीन चतुर्थांश खोऱ्याचा येवा (वाहून येणारं पाणी) धरणाच्या हातात नाहीच. क्षमता सुमारे 13 कोटी घनमीटर, आपल्या भाषेत 4.6 टीएमसी (कोयना 105). सेकंदाला 1,000 घनमीटर पाणी अडवत राहिलात तर 24 तासांत 8.64 कोटी घनमीटर साठतं. सगळी क्षमता पुरासाठी धरली तरी 36 तासांत धरण भरतं. भरल्यावर जितका येवा तितकाच विसर्ग, दुसरा इलाज नसतो. 2018 मध्ये एहिमे प्रांतातल्या नोमुरा धरणावर हेच झालं आणि खालच्या वस्तीत माणसं गेली. म्हणून ‘किती विसर्ग कमी होईल’ याच्या जोडीला ‘किती तास’ हेही विचारायचं. उपनद्यांचं पाणी गावात मुख्य नदीच्या आधी शिरतं का, हेही. शिरत असेल तर तेवढ्या पुरापुरता धरणाचा उपयोग नाही.

आता पर्यावरण. कोरड्या धरणाचे फायदे खरे आहेत: तळातल्या मोऱ्यांतून गाळ आणि मासे दोन्ही जातात, एरवी तळ्यासारखं शेवाळलेलं पाणी तयार होत नाही. नुकसान होतं ते पूर ओसरताना. फुगवट्यात काठाच्या उतारांवर बारीक गाळ बसतो, पातळी उतरू लागली की तो धुपून खाली येतो. पूर सरल्यावर नितळ व्हायला हवी ती नदी मग बरेच दिवस गढूळ राहते. कुमा-कावाबेचा आयु मासा वर्षभरच जगतो आणि दगडांवरचं शेवाळ खरवडून खातो. त्यावर गाळाचा थर बसला की खाणं गेलं. शरदात अंडी घालायला स्वच्छ खडी लागते, तीही बुजते. वर्षभराच्या माशाला एक हंगाम बुडाला की पुढची पिढीच कमी. पातळी भराभर उतरवली तर भिजलेले उतार घसरतात. हळू उतरवली तर झाडं जास्त दिवस पाण्याखाली राहून मरतात, आणि पुढचा पाऊस आला तर जागा रिकामी नसते. यातून सुटका नाही, मध्यम वेग शोधावा लागतो. शिवाय वाहून आलेले ओंडके मोरीत अडकले तर तळातून वाहणारी नदी ही कल्पनाच कोलमडते, त्यामुळे मोरीच्या वरच्या अंगाला ओंडके अडवायला लावलेल्या जाळीचं आरेखन बारकाईने पाहावं.

एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. बांधकाम संपल्यावर चाचणीसाठी धरण एकदा काठोकाठ भरतात. ‘शंभर वर्षांत एखाद्या वेळी बुडेल’ असं सांगितलेलं रान पहिल्याच वर्षी बुडतं. ही चाचणी कोणत्या ऋतूत, किती दिवस, हे धरणाच्या पर्यावरण परिणाम अहवालात लिहिलेलं नसेल तर माझ्या मते तो अहवाल अपुरा आहे.

अहवाल हाती आला तर ‘परिणाम नगण्य’ हे वाक्य ओलांडून आकड्यांकडे जा. गढूळपणा धरणासह आणि धरणाविना, तासागणिक आलेख, लहान पुरासाठी वेगळा. वर्षाआड येणाऱ्या लहान पुरातही मोऱ्या पाणी अडवणार असतील तर नदीची नैसर्गिक खडी-धुलाई बंद पडते, आणि ते महापुराच्या आलेखात दिसत नाही. पर्यायांची तुलनाही मागा: पात्रातला गाळ काढणं, काठचे तट मागे सरकवणं, भातखाचरांत पाणी रोखणं. यातल्या एकेकट्याने 2020 सारखा पूर थांबणार नाही. विरोधकांनीही हे मान्य करावं. पण यांच्या जोडीने धरणाची उंची किती कमी करता येते, हा आकडा मागायचा हक्क तुम्हाला आहे.

आणि कुमाच्याच खालच्या अंगाला असलेलं आरासे धरण 2012 ते 2018 या काळात पाडलं गेलं. तिथल्या नदीतळाच्या आणि माशांच्या आधी-नंतरच्या नोंदी त्याच नदीच्या आहेत. प्रतिकृतीच्या (मॉडेलच्या) अंदाजाआधी त्या चाळा.