रोड टॅक्स भरला, मग गल्लीतला खड्डा कुणाचा?

प्रश्न: नमस्कार दादा, दिवाळीत पोराला १२५ सीसीची बाईक घेतली. नव्वद हजाराच्या गाडीवर शोरूमवाल्यानं ९,९०० रुपये रोड टॅक्स लावला, म्हणलं रोडसाठी घ्यायलेत तर घेऊ द्या. गाडी घरी आणता आणता गल्लीच्या तोंडालाच खड्ड्यात आदळली. नगरपालिकेत गेलो तर साहेब म्हणले फंडच नाही. मग माझे पैसे गेले कुठं? आणि घरपट्टी तरी का भरावं?
– एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर: भाऊ, ते ९,९०० रुपये साहेबांकडं कधी आलेच नाहीत, एवढं तर ते खरं बोलले. आपण ज्याला रोड टॅक्स म्हणतो त्याचं कागदावरचं नाव मोटार वाहन कर, कायदा १९५८ चा, आणि घटनेच्या राज्यसूचीत (राज्याकडं असलेल्या विषयांची यादी) ५७ व्या नोंदीत हा कर राज्याच्या हातात दिलाय. तुमचे ११ टक्के गेले राज्याच्या तिजोरीत, तिथं पगार, पेन्शन, व्याज, दवाखाने सगळ्यात मिसळून गेले, आता त्यातली कोणती नोट परभणीची हे कोण ओळखणार?

राज्यानं ठरवलं तर वाटा देता येतो. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू आहे, तिच्यातलं कलम २४३ एक्स म्हणतंय की राज्य आपला एखादा कर नगरपालिकांना नेमून देऊ शकतं. देऊ 'शकतं', दिलंच पाहिजे असं नाही, मेख तिथंच आहे राव. बरं, वाटणी तरी कशी करायची, आपली निम्मी पोरं पुण्यात कामाला, गाडी घेतात तिकडं, नंबर एमएच १२ किंवा १४ चा आणि गाडी फिरती आपल्या गल्लीत.

आणि वाटा दिला तरी तो टिकतोच असं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात गाडीच्या किमतीवर २ टक्के फी होती आणि ती बहुतेक शहरं न् काउंट्यांनाच (आपल्या जिल्ह्यांसारखं समजा) मिळायची. १९९८ नंतर राज्यानं ती कमी करत नेली आणि तूट आपल्या खिशातून भरून दिली. २००३ मधे पैसा आटला, गव्हर्नर (म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखा) डेव्हिस यांच्या काळात फी परत वाढली, लोक खवळलेच होते, त्यांनी मतदान करून गव्हर्नरच घरी पाठवला आणि नवे आलेले श्वार्झनेगर (हो, तेच सिनेमातले) यांनी पहिल्याच दिवशी वाढ रद्द केली. मग शहरांना त्याच्या बदल्यात मालमत्ता कराचा जास्त हिस्सा दिला.

आपल्याकडं जकातीचं (गावात येणाऱ्या मालावरचा कर) तेच झालं बघा. नाक्यावर रोजचा रोख पैसा यायचा, नगरपालिकांची जकात १९९९ ला गेली, तेव्हापासून अनुदानाची वाट बघणं आलं. म्हणून मला विचाराल तर गाडीच्या करातला ठराविक हिस्सा कायद्यानंच गावाला मिळायला पाहिजे, दरवर्षी मुंबईला हात पसरून नाही.

घरपट्टी मात्र भरा, गावात राहणारा हक्काचा पैसा तेवढाच. आणि आधी तो रस्ता पालिकेचा का पीडब्ल्यूडीचा (राज्याचं बांधकाम खातं) ते बघा, मुख्य रस्ते बऱ्याच गावांत पीडब्ल्यूडीकडं असतात, तसं असलं तर तुम्ही चुकीच्या ऑफिसात भांडून आलात. पालिकेचा निघाला तर दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाका, यंदा रस्तादुरुस्तीला किती ठेवले न् किती खर्चले एवढंच विचारा.