जायरोप्लेन शिकायला निघालास, तर उड्डाणाचं पहिलं मिनिट नीट समजून घे

समीर, उड्डाणानंतर लगेच कोसळलेल्या जायरोची (जायरोप्लेन, म्हणजे डोक्यावर फिरता पंखा असलेलं छोटं विमान) बातमी वाचून तू विचारलंस, "इंजिन बंद पडलं असेल का?" चौकशी अहवाल येईपर्यंत कारण ठरवू नकोस. पण पहिलं मिनिट अवघड का, ते आत्ताच शीक.

जायरोचा वरचा पंखा इंजिनावर फिरत नाही, वाऱ्यावर फिरतो. हुआन दे ला सिएर्वा या स्पॅनिश अभियंत्याने 1923 मध्ये हेच उडवून दाखवलं. धावपट्टीवर आधी प्रीरोटेटरने, म्हणजे उड्डाणाआधी पंखा फिरवून देणाऱ्या यंत्रणेने, पंख्याला वेग द्यायचा. अनेक आधुनिक यंत्रांत मिनिटाला सुमारे 200 फेरे. पंख्याचा वेग पुरेसा नसताना थ्रॉटल (इंजिनाची ताकद वाढवणारा दांडा) रेटलास, तर पाती वरखाली फडफडून शेपटीवर आदळू शकतात.

दुसरा धोका मला जास्त गंभीर वाटतो. चाकं उचलली की लगेच नाक वर ओढायचा मोह होतो. कमी वेगात जायरोला तरंगायला उलट जास्त ताकद लागते, आणि मे महिन्यातल्या आपल्या ठाण्याच्या दमट उकाड्यात इंजिनाची ताकदही घटते. म्हणून जमिनीलगतच राहा, यंत्राच्या माहितीपुस्तकात दिलेला वेग गाठ, मगच चढ. इंजिन थांबलं तर नाक हळुवार खाली घे, समोरच उतर, मागे वळू नकोस. स्टिक (यंत्र वळवायचा, नाक वरखाली करायचा दांडा) झटक्यात पुढे ढकलू नकोस. पंख्यावरचा भार गेला की त्याचा वेग पडतो, तो सहज परत येत नाही.

घोडबंदरच्या मोकळ्या मैदानावर स्वतः जुळवलेलं यंत्र उडवायचा विचार तर सोडूनच दे. जवळच मुंबई आणि नवी मुंबईची विमानतळं आहेत, हवाई हद्द नियंत्रित आहे. परवानाधारक प्रशिक्षकाकडेच जा, आणि पहिल्याच दिवशी त्यांना उड्डाण रद्द कधी करायचं ते विचार.